जागतिक बाजाराला न्याय्य आणि टिकाऊ पर्याय आहे का, की फेअरट्रेडचं, म्हणजे शेतकऱ्याला किमान भाव मिळाल्याची हमी देणारं, लेबल बघून माल घेणं एवढंच आपल्या हातात आहे?

पर्याय आहे, आणि तो एकदा वापरूनही झाला आहे. ‘बाजाराशी झुंजून कोणी जिंकत नाही’ असं ऐकवणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. पुरावा म्हणून ते ज्या मोडलेल्या कॉफी कराराकडे बोट दाखवतात, तोच माझाही पुरावा आहे.

१९६२च्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारात पिकवणारे आणि विकत घेणारे, दोन्ही देश होते. प्रत्येक निर्यातदार देशाला कोटा ठरलेला. मालासोबत मूळ देशाचा दाखला आणि त्यावर कोट्याचे स्टँप नसतील, तर सदस्य देशाचं कस्टम्स माल सोडत नसे. ऐंशीच्या दशकात भावाचा पट्टा पौंडाला १२० ते १४० सेंट होता. भाव उतरला की कोटे आवळायचे, चढला की सैल करायचे, फारच चढला तर उठवायचे. ब्राझीलमधल्या दुष्काळामुळे १९८६मध्ये ते तसे उठवलेही गेले.

अशा कोट्यांची गरज का पडते? कॉफीच्या झाडाला लागवडीनंतर नीट पीक यायला ३-४ वर्षं जातात. महागाईच्या वर्षी सगळे झाडं लावतात, ती एकदम फळाला येतात आणि भाव कोसळतो. तरीही वर्षानुवर्षं जपलेली झाडं लगेच कोणी उपटत नाही. मागणी-पुरवठा आपोआप जुळतो म्हणणारे हे अंतर हिशेबातच धरत नाहीत.

जुलै १९८९मध्ये कोटे गेले आणि काही महिन्यांत भाव जवळपास निम्मा झाला. २००१ची सरासरी ५० सेंटच्याही खाली होती. करार मोडला तो त्याच्या बांधणीतल्या दोषांमुळे. कोटे जुन्या निर्यातीवर बेतलेले, त्यामुळे वॉश्ड अरेबिकाची (गर काढून धुतलेल्या, चांगल्या प्रतीच्या कॉफीची) मागणी वाढली तरी तिचा वाटा वाढेना. सदस्य नसलेल्या देशांना तीच कॉफी स्वस्तात विकली जाई आणि आडवाटेने परत येई. त्यात शीतयुद्ध ओसरल्यावर अमेरिकेलाही करार टिकवण्यात रस उरला नाही. हे सगळं दुरुस्त करता येतं: कोटा प्रतवारीनुसार, मागच्या ३ वर्षांच्या खपावरून, दरवर्षी नव्याने ठरवायचा. जोडीला राखीव साठा. हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, कॉफीत ओलावा १० ते १२ टक्के हवा, त्याच्या वर गेला की बुरशीचा धोका. वर्षभरात चवही उतरू लागते, म्हणून जुना माल आधी बाहेर काढायचा. नुसती गोदामं भरून ठेवली तर साठा कुजतो आणि योजनेची बदनामी होते.

फेअरट्रेड हे करार मोडल्याने पडलेल्या मोठ्या भोकावरचं ठिगळ आहे. ऑगस्ट २०२३पासून वॉश्ड अरेबिकाचा किमान भाव पौंडाला १.८० डॉलर आणि वर संस्थेला २० सेंट प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम. मंदीत हा आधार खरा आहे. पण फेब्रुवारी २०२५मध्ये बाजारभाव ४ डॉलरच्या वर गेला. अशा वेळी सभासद रोख देणाऱ्या व्यापाऱ्याला माल घालतात आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या हातात माल न मिळाल्याने पुरा न होणारा विक्रीचा करार उरतो.

संस्था बुडतात त्या बहुधा भाव फिक्स, म्हणजे पक्का, करण्यात. विक्रीचा करार ‘वायद्याचा (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या बाजारातला) भाव अधिक-उणे ठरलेला फरक’ असा असतो. शेतकऱ्याला आज पैसे दिले आणि विक्री ३ महिन्यांनी फिक्स केली, मधे भाव ३० सेंट उतरला, तर ३७,५०० पौंडांच्या एका वायद्यामागे ११,२५० डॉलर गेले. म्हणून साधारण १७ टन खरेदी जमली की त्याच दिवशी तेवढी विक्री फिक्स करायची. भाव आणखी चढेल म्हणून थांबणं हा सट्टा आहे, आणि तो सभासदांच्या पैशावर चालतो.

कराराच्या काळातही अनेक देशांत जादा भाव सरकारी मंडळं आणि निर्यात करच खाऊन टाकत, शेतकऱ्यापर्यंत थोडाच पोचे. त्यामुळे कोट्याचा काही वाटा थेट उत्पादकांच्या संस्थांच्या नावे हवा, नाहीतर नवा करारही तसाच होईल. तुम्ही ग्राहक म्हणून विचारणार असाल तर विक्रेत्याला दोन आकडे विचारा: बंदरावरचा एफओबी भाव (माल जहाजावर चढेपर्यंतचा), आणि त्यातले संस्थेच्या खात्यात किती गेले.