चार वर्षं कराटे करूनही हात हलला नाही? माझा हलला, पण...

ताई, नागपुरात सक्करदऱ्याला रात्री दुकानासमोर एकानं मनगट धरलं आणि ब्राऊन बेल्ट असूनही तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात, हे वाचलं अन् माझाच किस्सा आठवला. तुमचं निदान हाड तरी शाबूत राहिलं.

बर्डीवर (सीताबर्डी) पार्किंगमध्ये गाडीला गाडी घासली, त्यावरून एकानं माझी कॉलर धरली. मी थेट तोंडावर गुद्दा हाणला. त्यानं मान खाली घातली, गुद्दा बसला कपाळावर. करंगळीमागचं हाड तडकलं, महिनाभर प्लास्टर. पण खरी चूक पुढेच. गुद्दा मारून मी थांबलो! दोन पावलं मागं, हात वर, मान ताठ. क्लासमध्ये पॉइंट लागला की सर 'यामे' (म्हणजे थांबा) ओरडायचे आणि आम्ही आपापल्या रेषेवर परत. सहा वर्षं तेच. त्या बाप्पाला यामे काय माहीत? त्यानं माझं नाक फोडलं.

क्लासचं नाव घेत नाही. प्लास्टर घालून गेलो तर सर म्हणाले, "मनगट वाकलं असेल तुझं," आणि लगेच पुढच्या बेल्टच्या परीक्षेची फी कधी भरतो ते विचारलं. सहा वर्षांत एकाही जोडीदारानं माझं मनगट खरोखर आवळलं नव्हतं. मी हिसका दिला की तो आपणहून सोडायचा, वरून मान डोलवायचा. फी मात्र दर परीक्षेला वाढायची. असो, राग निघतो.

कराटेवाल्यांनो, तुटून पडू नका. दोष कराटेचा नाही, सरावाचा आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केलं तेव्हा इजा करणारे डाव काताला, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सरावाला, ठेवले आणि उरलेल्यांवर रांदोरी घेतली, म्हणजे समोरचा पडायला तयार नसताना त्याला पाडायचं. मला हे ज्युदोला गेल्यावर, तिसऱ्या दिवशी पाठीवर आपटल्यावर कळलं.

तर घरच्याच कुणाला मनगट धरायला सांगा, 'सोडू नको' म्हणून. बोटांच्या बाजूनं ओढाल तर सुटणार नाही; त्याच्या अंगठ्याकडून, कोपर पुढं घालत काढा. सुटलं की थांबायचं नाही, उजेडाकडं पळायचं. तोंडावर मारायचंच तर तळहाताच्या टाचेनं, म्हणजे मनगटाजवळच्या टणक भागानं. समोर चाकू असेल तर मोबाईल देऊन टाका, ११२ ला फोन नंतर.

मी वकील नाही, पण एवढं ठाऊक आहे: १ जुलै २०२४ पासून स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमं भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा कलम ३७ प्रमाणे चालत नाही. तो खाली पडल्यावर मारलेली लाथ तुम्हालाच महागात पडेल.

नवा क्लास शोधत असाल तर वर्षाची फी आधी भरू नका. एक तास कोपऱ्यात बसून बघा, जोडीदार खरोखर अडवतो का. आणि एकदा जीन्स, चप्पल, खांद्यावर पर्स अशा अवतारात सराव करा. आमच्याकडं एकीची पहिल्याच लाथेला चप्पल उडून सरांच्या चहात पडली होती.