शस्त्रं कंटेनरमध्ये, किल्ली बंडखोरांच्या खिशात

प्रश्न : नेपाळमध्ये माओवाद्यांच्या बंदुका कंटेनरमध्ये बंद केल्या, पण किल्ली त्यांच्याकडेच ठेवली असं वाचलं. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षकही निःशस्त्र. मग ही देखरेख कसली?

उत्तर : वाचलंत ते बरोबर आहे. शस्त्रं दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे शरणागती, आणि ती पत्करायला माओवादी तयार नव्हते. म्हणून नोव्हेंबर २००६च्या करारात तोडगा निघाला : कुलूप एकच, किल्ली त्यांची, मात्र कंटेनरवर भोंगा आणि नोंद ठेवणारं यंत्र, शिवाय निरीक्षकांचा चोवीस तास पहारा. कुलूप उघडता येत होतं, गुपचूप उघडता येत नव्हतं. देखरेखीचा सगळा जोर इथे आहे. नेपाळी सैन्यालाही तेवढीच शस्त्रं काठमांडूतल्या छाउनी नावाच्या भागातल्या बराकीत अशीच बंद करावी लागली. हातबॉम्ब आणि सुरुंग मात्र कंटेनरमध्ये ठेवत नसत. ते माओवादी लढवय्ये ठेवलेल्या छावणीपासून सुरक्षित अंतरावर, आणि जे कधीही फुटतील असे वाटत ते लगेच निकामी करायचे.

७ मुख्य आणि २१ उपछावण्यांत माणसांचीही पडताळणी झाली. २५ मे २००६ रोजी वय १८ पूर्ण नसलेले आणि त्या तारखेनंतर भरती झालेले बाद ठरले. शेवटी १९,६०२ जण लढवय्ये म्हणून पात्र, बंदुका मात्र साडेतीन हजारांच्या आत. पाच जणांमागे एक बंदूकही धड नाही! बाकीची कुठे गेली, हा संशय रास्तच होता; पण जे समोर आणलं तेवढंच मोजायचं, घरांची झडती घ्यायची नाही, अशीच कामाची चौकट होती.

तक्रार आली की संयुक्त पथक जायचं : संयुक्त राष्ट्रांचा प्रमुख, सोबत नेपाळी आणि माओवादी अशा दोन्ही सैन्यांचा एकेक अधिकारी. तिघांनी एकत्रच पाहिल्यावर ‘असं काही घडलंच नाही’ म्हणणं जड जातं. वाद मिटला नाही तर प्रकरण वरच्या समन्वय समितीकडे. तिथे निर्णय एकमताने, त्यामुळे एक बाजू अडून बसली की घोडं पेंड खायचं. पोलीस तर या देखरेखीच्या कक्षेतच नव्हते.

१५ जानेवारी २०११ला निरीक्षक परतले. किल्ल्या नेपाळच्याच पक्षांच्या विशेष समितीच्या हाती आल्या त्या सप्टेंबरमध्ये.

प्रश्न : श्रीलंकेत मग असे निरीक्षक का अपुरे पडले?

उत्तर : सरकार आणि तमीळ बंडखोरांची संघटना एलटीटीई यांच्यातल्या फेब्रुवारी २००२च्या युद्धबंदीवर नॉर्डिक (उत्तर युरोपातल्या) देशांचे निरीक्षक होते. ते उल्लंघनाचा निर्णय देत, पण तो कोणावर लादू शकत नसत. मे २००६मध्ये युरोपीय संघाने एलटीटीईला दहशतवादी यादीत टाकलं. लगेच संघटनेने डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडचे निरीक्षक नकोत म्हटलं. उरले फक्त नॉर्वे आणि आइसलंडचे. एवढ्या थोड्या माणसांनी उत्तर-पूर्वेचा विस्तार सांभाळणं अशक्यच होतं, आणि लढाई तर तोवर पुन्हा पेटलीच होती. जानेवारी २००८मध्ये सरकारने करारातूनच अंग काढून घेतलं.