सासूबाई व्हीलचेअरवर आहेत, डिस्ने वर्ल्डला गाडी न्यावी की तिथल्या बसने फिरावं?

तुम्ही विचारलंय की भारतातून आलेल्या सासूबाईंना घेऊन तुम्ही चौघं नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला निघाला आहात. त्यांचं वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले, घरात काठीने फिरतात, बाहेर व्हीलचेअर लागते. गाडी भाड्याने घ्यावी का, पार्किंगपासून गेटपर्यंत त्यांना कसं न्यायचं आणि बस, मोनोरेलमध्ये खुर्ची चढते का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी माझ्या बाबांना घेऊन तिथे दोनदा जाऊन आले. अर्धांगवायूनंतर त्यांची उजवी बाजू अधू झाली होती. पहिल्या खेपेला आमचे फार हाल झाले, दुसऱ्या खेपेला सगळं नीट पार पडलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळे जण चालायचं अंतर मोजतात. तुम्ही उठबस मोजा. खुर्चीत बसलेल्या माणसाला मैलभर ढकलत नेलं तरी त्याच्या गुडघ्यांना काही होत नाही. त्रास होतो तो गाडीतून उतरून खुर्चीत, खुर्चीतून उठून पार्किंगपासून प्रवेशाकडे नेणाऱ्या ट्रॅममध्ये, ट्रॅममधून उतरून पुन्हा खुर्चीत बसताना. दिवसभरात असं आठ-दहा वेळा झालं की संध्याकाळी माणूस काही बोलत नाही, नुसता चेहरा उतरतो. बाबांचं तसंच झालं होतं. त्यामुळे कोणताही मार्ग ठरवताना मनाशी एकच हिशेब करा: हॉटेलच्या खोलीपासून पार्कच्या गेटपर्यंत सासूबाईंना किती वेळा उठावं लागेल?

या हिशेबात सर्वात अवघड जागा म्हणजे मॅजिक किंगडम. डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत: १९७१ साली उघडलेलं मॅजिक किंगडम, मग एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. बाकी तिघांचं पार्किंग त्यांच्या गेटासमोरच आहे. मॅजिक किंगडमचं मात्र तळ्याच्या पलीकडे, साधारण मैलभर दूर. तिथे गाडी लावायची ती ट्रान्सपोर्टेशन अँड टिकट सेंटरच्या आवारात, आणि तिथून फेरीबोटीने किंवा मोनोरेलने पार्कच्या दाराशी जायचं. टॅक्सी किंवा उबरही तिथेच सोडते. नकाशावर हे चटकन लक्षात येत नाही. आम्हाला गाडी लावल्यावर कळलं.

पहिल्या खेपेची गोष्ट सांगते, कारण ती चूक तुमच्याकडूनही सहज होऊ शकते. बाबांचं हँडिकॅप परमिट, म्हणजे राखीव जागेत गाडी लावायची परवानगी देणारं कार्ड, होतं, पण ते आमच्या घरच्या गाडीच्या आरशाला लटकत राहिलं. आम्ही विमानाने गेलो, ऑरलँडोला गाडी भाड्याने घेतली, आणि परमिट आठवलं ते थेट पार्किंगच्या नाक्यावर. परमिट माणसाचं असतं, गाडीचं नसतं. ज्या गाडीत तो माणूस आहे त्या गाडीत ते चालतं, भाड्याच्या गाडीतसुद्धा. आमच्याकडे ते नव्हतं म्हणून गाडी साध्या लॉटमध्ये लावावी लागली आणि तिथून ट्रॅम. ट्रॅममध्ये व्हीलचेअर घडी करूनच चढवतात, म्हणजे बसलेल्याला उठून पायरी चढावीच लागते. बाबांनी डाव्या हाताने दांडा घट्ट धरला, डावा पाय वर ठेवला, पण उजवा पाय उचलेना. मी मागून आधार देत होते, नवरा घडी केलेली खुर्ची काखेत मारून उभा होता. कोणी घाई केली नाही, सगळे शांतपणे थांबले होते. तरी बाबांच्या कपाळावर आलेला घाम अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आणि तेव्हा तर पार्कचं तोंडही दिसलं नव्हतं.

म्हणून परमिटचं काम आजच सुरू करा. सासूबाई पाहुण्या असल्या तरी तुमच्या राज्यात त्यांच्या नावाने तात्पुरतं परमिट मिळेल का, याची चौकशी करा. त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. २०० फूट चालताना मध्ये विसाव्यासाठी थांबावं लागणं हा संघीय नियमांतला एक निकष आहे. तात्पुरतं परमिट जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं. एका राज्यातलं परमिट दुसऱ्या राज्यात चालतं, त्यामुळे फ्लोरिडात अडचण येत नाही. परदेशातल्या परमिटवर व्हीलचेअरचं आंतरराष्ट्रीय चिन्ह असेल तर फ्लोरिडाचा कायदा तेही मानतो.

परमिट असलं की नाक्यावरच्या माणसाला ते दाखवा आणि व्हीलचेअर आहे म्हणून स्पष्ट सांगा. तो तुम्हाला प्रवेशाजवळच्या राखीव लॉटकडे पाठवतो, तिथून ट्रॅमची गरजच पडत नाही. या जागेला पैशात सवलत नाही. दिवसाचं साधं पार्किंग २०२३ च्या अखेरीस ३० डॉलर झालं होतं, राखीव जागेलाही साध्याएवढेच पडतात. मात्र एकदा पैसे भरले की त्या दिवशी चारही पार्कमध्ये चालतं, पावती जपून ठेवा. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलात तर पार्कचं साधं पार्किंग फुकट असतं. राखीव जागेशेजारी तिरपे पट्टे मारलेली मोकळी जागा दिसेल, ती खुर्ची उघडून बसायला आहे. तुमच्या शेजारच्या गाडीलाही ती लागणार असते, त्यामुळे गाडीचं चाक तिच्यावर येऊ देऊ नका.

आता गाडी की बस? माझं मत ठाम आहे: मॅजिक किंगडमला बसने जा, बाकी तिन्ही ठिकाणी गाडी चालेल. डिस्नेच्या हॉटेलांतून सुटणारी बस तळ्याला वळसा घालून थेट मॅजिक किंगडमच्या दाराशी सोडते. ना पार्किंग, ना ट्रॅम, ना फेरी. बसला रॅम्प किंवा लिफ्ट असते, सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्याच आत जातील. उठबस शून्य. ड्रायव्हर खाली उतरून स्वतः खुर्ची जागेवर लावतो आणि पट्टे घेऊन चारही बाजूंनी जमिनीच्या कड्यांना अडकवतो. आमच्या ड्रायव्हरने पट्टे आवळल्यावर खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली, ती हलत नाही म्हटल्यावरच जागेवर जाऊन बसला. बाबांना त्या एवढ्याशा कृतीने फार बरं वाटलं होतं. ब्रेक मात्र तुम्ही स्वतः लावा. एका बसमध्ये सहसा दोनच खुर्च्या मावतात, त्यामुळे रांगेत तुमच्या आधी दोन खुर्च्या असतील तर पुढची बस घ्यावी लागेल. सकाळी तेवढा वेळ हाताशी ठेवून निघा.

गाडीनेच मॅजिक किंगडमला जायची वेळ आली तर तळं ओलांडायला फेरी घ्या. मोनोरेलमध्येही खुर्ची जाते, तिथला माणूस फलाट आणि डब्यामध्ये छोटा रॅम्प टाकतो. पण मोनोरेलच्या फलाटापर्यंतचा उतार लांब आणि चढणीचा आहे, हाताने ढकलणाऱ्याला धाप लागते. फेरीवर खुर्ची धक्क्यावरून सरळ खालच्या डेकवर जाते. आम्ही परतताना फेरीने आलो आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम फेरीनेच गेलो. बाबांना अगदी पुढे कठड्याशी नेलं. पलीकडचा किल्ला आधी अंगठ्याएवढा दिसतो आणि हळूहळू मोठा होत जातो. आजारपणानंतर बाबा फार कमी बोलायचे. तिथे त्यांनी माझा हात धरून एवढंच विचारलं, "आपण तिकडे जातोय?" त्या दोन दिवसांतलं माझ्या सर्वात जवळचं जे काही आहे, ते हेच.

स्कायलायनर नावाचा रोपवेही आहे, २०१९ साली सुरू झाला. तो एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला काही हॉटेलांशी जोडतो. एरवी पाळणे चालतच असतात, पण खुर्चीवाल्यांची चढायची जागा वेगळी असते आणि तिथे पाळणा थांबवतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. आत एसी नाही, नुसता वारा खेळतो. विजा चमकायला लागल्या की तो बंद होतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, स्कायलायनर एपकॉटच्या मागच्या दाराला लागतो. गाडी पुढच्या दाराशी आणि तुम्ही मागच्या दाराशी असं झालं तर दमलेल्या माणसाला घेऊन अख्खं पार्क आडवं ओलांडावं लागतं. आत जाल त्याच दाराने बाहेर या. ॲनिमल किंगडमला ना मोनोरेल जाते ना स्कायलायनर. तिथे बस किंवा गाडी.

खुर्चीबद्दल. "पार्कमध्ये भाड्याने मिळते, घरून कशाला न्यायची?" असं कोणीतरी तुम्हाला सांगेल. ऐकू नका. पार्कची खुर्ची गेटच्या आत मिळते, आधी राखून ठेवता येत नाही आणि बाहेर नेता येत नाही. म्हणजे गाडीपासून गेटपर्यंत आणि रात्री गेटपासून गाडीपर्यंत, जिथे ती सर्वात जास्त लागते, तिथेच नेमकी ती नसते. सासूबाईंची घडीची खुर्ची विमानात बरोबर घ्या. बॅटरीवर चालणारी स्कूटर हवी असेल तर ऑरलँडोत हॉटेलवर आणून देणारे आहेत. पण ट्रॅमवर स्कूटर चढत नाही, आणि बसच्या लिफ्टचा नियमातला किमान आकार ३० इंच रुंद, ४८ इंच लांब एवढा असतो, म्हणून स्कूटर ठरवताना माप विचारून घ्या. खरं सांगायचं तर ७४ व्या वर्षी पहिल्यांदाच स्कूटर हातात देऊन त्या गर्दीत सोडू नये असं मला वाटतं. दोघांनी आलटून पालटून ढकलायची साधी खुर्ची बरी.

भाड्याची गाडी घ्याल तर मिनीव्हॅन घ्या. सेडानच्या खोल सीटमधून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो, आणि मोठ्या एसयूव्हीत चढायला पाय उंच उचलावा लागतो. मिनीव्हॅनची सीट साधारण कमरेच्या उंचीला येते, नुसतं टेकून वळलं की झालं. सरकतं दार असल्यामुळे खुर्ची अगदी सीटला लावता येते.

पार्किंगचं परमिट आहे म्हणून राइडच्या रांगेत आपोआप सवलत मिळत नाही. त्यासाठीची डीएएस (डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस) ही सोय २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. बहुतेक रांगांमधून खुर्ची तशीच पुढे जाते. जिथे जात नाही तिथे कर्मचारी दुसरं दार दाखवतात. प्रत्येक राइडच्या दाराशी विचारा.

रात्र सांभाळा. आतषबाजी संपली की हजारो माणसं एकदम दाराकडे निघतात आणि खुर्चीत बसलेल्याला समोर फक्त पाठी दिसतात. बाबा त्या गर्दीत घाबरले होते. एक तर आतषबाजीच्या अर्धा तास आधी निघा, नाही तर संपल्यावर दुकानांच्या कडेला निवांत बसून राहा आणि गर्दी ओसरली की निघा. नोव्हेंबरात मॅजिक किंगडममध्ये बऱ्याच संध्याकाळी नाताळची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावर सहा वाजेपर्यंतच थांबता येतं. अनेकांना तो दिवस नको असतो, पण सासूबाईंसाठी मी मुद्दाम तोच निवडेन. दिवसा गर्दी बेताची असते आणि अंधार पडता पडता त्या हॉटेलवर पोचतात. गाडी लावल्या लावल्या लॉटचं नाव आणि रांगेचा नंबर यांचा फोटो काढून ठेवा, रात्री सगळ्या रांगा सारख्याच दिसतात.

हॉटेल अजून ठरलं नसेल तर कंटेम्पररीचा विचार करा. महाग आहे, पण तिथून मॅजिक किंगडमला खुर्ची ढकलत साधारण दहा मिनिटांत जाता येतं, कुठल्याच वाहनात चढावं लागत नाही. ते परवडत नसेल तर डिस्नेचं कुठलंही बसवालं हॉटेल चालेल, फक्त खोली लिफ्टपासून जवळची मागा आणि बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत ना ते फोनवर विचारा.

सासूबाईंच्या खुर्चीची रुंदी, ती घडीची आहे का, आणि त्या आधाराने दोन पायऱ्या चढू शकतात का, एवढं खाली कळवलंत तर चारही पार्कचा क्रम कसा लावायचा ते लिहीन.