मे महिन्यातलं लग्न आणि फोटो: विसार देण्याआधी एवढं ठरवा

दादा, धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात साताऱ्यात आहे, मुहूर्त दुपारी साडेबाराचा आहे आणि तीन फोटोग्राफरांपैकी विसार कुणाला द्यावा हे ठरत नाही, असं तुम्ही विचारलंय. या भागातली लग्नं मी बरीच वर्षं कॅमेऱ्यामागून बघतोय. माझं ऐकाल तर कोटेशनं जरा बाजूला ठेवा आणि आधी त्या दिवसाचं वेळापत्रक कागदावर मांडा. घाईगर्दीत भल्याभल्यांचे फोटो बिघडतात.

पहिला प्रश्न उन्हाचा. साताऱ्यात ११ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर असतो, म्हणजे नेमकी तुमच्या मुहूर्ताची वेळ. अशा उन्हात जोडप्याला लॉनवर उभं केलं की डोळ्यांखाली काळोख दिसतो आणि मुंडावळ्यांच्या सावल्या गालांवर पडतात. म्हणून नवरीचे एकटीचे फोटो सकाळी नऊच्या आत उरका. दोघांचे निवांत फोटो संध्याकाळी साडेपाचनंतर, पाठवणीच्या आधी घ्या. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा तासभर मऊ उजेड मिळतो. पाठवणी कितीला निघणार हे त्यासाठी दोन्ही घरांनी आधीच बोलून ठेवायला हवं.

आता अंतरपाट. सगळ्या लग्नात माझा जीव अडकतो तो याच क्षणात. शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट बाजूला सरतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता पडतात आणि दोघं एकमेकांकडे बघतात. सगळं मिळून दोन-चार सेकंद. एक कॅमेरा अंतरपाटाच्या रेषेत बाजूला हवा, म्हणजे दोन्ही चेहरे एका चौकटीत येतात. दुसरा समोरून, जरा उंचावर. नेमक्या त्याच वेळी मोबाईल घेऊन पाहुणे पुढे सरसावतात आणि बाजूची जागा जाते. मंगलाष्टकांआधी गुरुजींनाच माईकवरून सांगायला लावा की स्टेजवर मामा, करवल्या आणि आई-वडील एवढेच थांबतील. गुरुजींचा शब्द सगळे मानतात, फोटोग्राफरचं कुणी ऐकत नाही. सप्तपदीला गुरुजींनी कॅमेऱ्याच्या बाजूला पाठ करून बसू नये, हेही त्यांना आदल्या दिवशी भेटून सांगा. बहुतेक गुरुजी आनंदानं सांभाळून घेतात.

घरच्या ग्रुप फोटोंसाठी दोन्हीकडची नाती ठाऊक असलेला एक माणूस नेमा, आवाज मोठा असलेला. त्याच्या हातात यादी द्या: आजोळ, चुलते, आत्या, शेजारी. आजी-आजोबांचा फोटो सगळ्यात आधी, खुर्चीवर बसवून घ्या. एकदा पंगती बसल्या की माणसं गोळा होत नाहीत, आणि थकलेली आजी खोलीत जाऊन पडते. पुढे कित्येक वर्षं घरात जो फोटो शोधला जातो, तो बहुधा तिचाच असतो.

हळदीला स्टेजवर निळे-जांभळे लाईट लावू देऊ नका. त्यात हळद मळकट हिरवी दिसते आणि तो रंग नंतर नीट सुधारता येत नाही. मांडवाच्या कडेला, दिवसाउजेडी हळद लावली तर पिवळा रंग खुलतो. डेकोरेशनवाल्याला हे आधीच सांगा.

प्री-वेडिंगच्या फोटोंसाठी कासचं पठार मनात असेल तर सोडून द्या. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये असतात, एप्रिलमध्ये तिथे कोरडा कातळ. शिवाय फुलांच्या दिवसांत फोटोसाठी पठार तुडवणं मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा भल्या सकाळी वाईजवळचा मेणवलीचा घाट गाठा. लिंब गावची बारा मोटांची विहीरही देखणी आहे. परवानगीचं मात्र आधी विचारून जा.

ड्रोनचे पैसे मी वाचवीन. कार्यालयातल्या लग्नात तो वरातीपुरता. त्या पैशांत दुसरा कॅन्डिडवाला, म्हणजे पोज न देता नकळत फोटो टिपणारा, घ्या.

विसार देताना तीन गोष्टी लिहून घ्या: लग्नाला स्वतः कोण येणार, एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा आहे का, आणि सगळे फोटो कधी मिळणार. नमुना म्हणून निवडक अल्बम बघू नका, एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवायला सांगा. दुपारच्या उजेडातलं काम त्यात लगेच कळतं. फोटो हातात आले की दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक माहेरी, एक सासरी. अल्बमची निवड महिन्याच्या आत बहिणीला आणि जावईबापूंना एकत्र बसवून करून घ्या.