‘माझ्या भावावर प्रयोग तर करत नाहीत ना?’

या महिन्यात डिप्रेशनवरची पत्रं एवढी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलावे लागले. त्यातली तीन घेतेय, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण हाच प्रश्न मला ओपीडीत पण सारखा कोणी ना कोणी विचारतं, बहुतेक वेळा दाराबाहेर गाठून, हळू आवाजात.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही भांडुपला राहतो. माझा लहान भाऊ २९ वर्षांचा आहे, अंधेरीला नोकरीला होता. वर्षभरात एकदम गप्प झाला, सकाळी उठवत नाही त्याला, जेवण नको, गणपतीत पण खोलीतून बाहेर आला नाही, शेवटी नोकरी सुटली. महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं, डिप्रेशन सांगून गोळी सुरू केली. आता तिथले डॉक्टर म्हणतात एक स्टडी चालू आहे, अर्ध्या पेशंटना नेहमीची ट्रीटमेंट आणि अर्ध्यांना तीच ट्रीटमेंट अधिक ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्यांकडून समुपदेशन, कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. आई रडायलाच लागली, गरीब बघून माझ्या पोरावर प्रयोग करतायत म्हणाली. सही करावी का? – एक बहीण, भांडुप

उत्तर: ताई, आईंना ओरडू नका, त्यांची भीती हवेतली नाहीये. आपल्या देशात नीट न समजावता लोकांच्या सह्या घेतल्याची प्रकरणं झाली, कोर्टापर्यंत गेली, आणि त्यानंतरच नियम कडक झाले, त्यामुळे आज तुमच्या हातात बरंच काही आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, आईंना मोठ्याने वाचून दाखवा, जे कळलं नाही त्याखाली पेनाने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा. आजच्या आज सही करा असं कोणी म्हणालं तर सरळ उठून या. त्या कागदावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे स्टडीत पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीचा, नंबर असायला हवा, तिथे फोन करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अशा स्टडीची, म्हणजे ट्रायलची, नोंद सीटीआरआय नावाच्या सरकारी रजिस्टरमध्ये असते, ते २००७ पासून आहे आणि कोणालाही फुकट बघता येतं, नोंदणी क्रमांक मागून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाऊ कधीही, काहीही कारण न देता बाहेर पडू शकतो, त्यावरून त्याची नेहमीची ट्रीटमेंट बंद करता येत नाही.

आता अर्ध्यांनाच का, हा खरा प्रश्न. आईंना वाटणार की समुपदेशनाने फायदा होतो हे माहीत असेल तर सगळ्यांनाच द्या ना, आणि माहीत नसेल तर माझ्या मुलाला कशाला. हे मी एका खऱ्या स्टडीवरून सांगते. गोव्यात संगथ संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या टीमने हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावाचं काम केलं, २०१७ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ पेशंट, सगळे चांगल्यापैकी तीव्र डिप्रेशनवाले. समुपदेशन करणारे ना सायकॉलॉजिस्ट ना डॉक्टर, साधी माणसं, ट्रेनिंग दिलेली. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची, आणि त्यात बालपणापासूनच्या जखमा उकरणं नाही, तर माणसाने आवडीची आणि गरजेची कामं सोडून दिलेली असतात ती एकेक करून परत कशी धरायची, एवढंच धरून बसायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते. नुसता हा आकडा बघितला तर आपण म्हणू वा, शंभरातले ६४ या उपचाराने बरे झाले. पण ज्यांना हे समुपदेशन मिळालं नाही, फक्त नेहमीची ट्रीटमेंट मिळाली, त्यांच्यातले पण ३९ टक्के बरे झाले होते! म्हणजे समुपदेशनाची खरी कमाई मधल्या फरकाची, २५ ची, आणि दुसरा गट नसता तर हे कधीच कळलं नसतं. डिप्रेशन चढतं-उतरतं, काहींचं आपोआप ओसरतं, कोणीतरी विचारपूस करतंय एवढ्यानेही काहींना उभारी येते, म्हणून दोन गट लागतात. आणि कॉम्प्युटर का, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखं आहे ते, नाहीतर डॉक्टर नकळत ज्यांच्यात सुधारणेची आशा दिसते त्यांनाच नव्या गटात घालतील आणि उत्तर चुकेल.

तुमच्या पत्रावरून तरी दोन्ही गटांत नेहमीची ट्रीटमेंट चालूच राहणार आहे, कोणालाही नुसती साखरेची गोळी, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, देऊन बसवणार नाहीयेत. तरी हे त्यांच्या तोंडून ऐका, गोळी चालू राहणार ना हा पहिला प्रश्न विचारा.

थोडं विषयाबाहेर जाऊन आईंसाठी एक गोष्ट. डिप्रेशनची पहिली औषधं कोणी डोकं लावून शोधली नव्हती. १९५२ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड नावाचं नवीन औषध देत होते, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं हसायला-बोलायला लागली, भूक लागली म्हणायला लागली. आपल्याकडे शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात ज्यांचं कोणी राहिलंय त्यांना कळेल ते दृश्य काय असेल. आणि उलटी बाजू मुंबईतली, १९४९ मध्ये इथल्याच डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेने ब्लडप्रेशर उतरतं हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं, जगभर त्या मुळीतलं रेसरपीन वापरायला लागले आणि मग लक्षात आलं की काही पेशंट त्यावर फार उदास होतात. एक औषध मन वर आणतं, एक खाली नेतं, यावरून मेंदूतल्या रसायनांचा शोध सुरू झाला. ते सगळे पेशंटच होते, कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी बहीण, आणि त्यांचं नीट निरीक्षण झालं म्हणून आज तुमच्या भावाला गोळी मिळतेय. आणि त्या गोळ्यांचा नुसता बोलबाला नाहीये, २०१८ मध्ये ५२२ ट्रायल्स, म्हणजे एक लाखावर पेशंट, एकत्र तपासले, त्यात अभ्यासलेली सगळी २१ औषधं साखरेच्या गोळीपेक्षा वरचढ ठरली, फरक फार मोठा नव्हता, पण खरा होता.

माझं मत विचाराल तर कागद नीट असेल आणि भावाची स्वतःची इच्छा असेल तर सही करू द्या, सही त्याची, तुमची किंवा आईंची नाही. पण स्टडीत नंबर लागेपर्यंत थांबू नका, गोळी चालू ठेवा, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आणि आजच्या आज त्याच्याशेजारी बसून विचारा की जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, रात्र असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

प्रश्न: मॅडम, मला दोनदा डिप्रेशन येऊन गेलं. आता गोळीवर दहा महिने छान चाललंय, गिरगावातल्या ऑफिसला रोज जातो. घरात लग्नाचं बघतायत, आत्या म्हणते गोळ्यांची सवय लागेल, बंद कर. करू का? – वाचक, डोंबिवली

उत्तर: परस्पर नाही, आणि स्थळ आलंय म्हणून तर अजिबात नाही. तुमच्याच सारख्या लोकांवर इंग्लंडमध्ये अँटलर नावाची ट्रायल झाली, २०२१ मध्ये निकाल आला. ४७८ लोक, सगळे बरेच दिवस गोळीवर, बरं वाटत असलेले, बंद करायचा विचार करणारे. अर्ध्यांची गोळी चालू ठेवली, अर्ध्यांची हळूहळू कमी करत बंद केली, आणि कोणाला काय मिळतंय ते कोणालाच सांगितलं नाही. वर्षभरात चालू असलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. हे दोन्ही बाजूंनी वाचा. गोळी म्हणजे कवच नाही, आणि बंद करून वर्षभर नीट राहिलेले पण शंभरात ४४ निघाले. पण तुम्हाला दोनदा येऊन गेलंय, तेव्हा साधारण दोन वर्षं तरी चालू ठेवा असंच बहुतेक डॉक्टर सांगतील.

आत्यांना सांगा की दारू-तंबाखूसारखी तलफ या गोळ्यांची लागत नाही, पण झटकन सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं हे होऊ शकतं, म्हणून आठवड्या-महिन्यांत डोस उतरवतात, तोही डॉक्टरांनीच. गोळी नकोच असेल तर दुसरा रस्ता पण तपासलेला आहे, माइंडफुलनेसवर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष ठेवायच्या सरावावर, आधारलेली थेरपी, आठ आठवड्यांचा गटातला कोर्स. ब्रिटनमध्ये ४२४ लोकांवर दोन वर्षं बघितलं, २०१५ मध्ये छापलं, थेरपी घेऊन गोळी कमी किंवा बंद करणाऱ्यांत ४४ टक्क्यांना परत आलं, गोळीवरच राहिलेल्यांत ४७. थोडक्यात सारखंच. पण तो कोर्स शिकलेल्या माणसाकडूनच करायचा, मोबाइलवर डोळे मिटून पाच मिनिटं बसणं म्हणजे तो नाही. आणि मुलीला सांगायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगते, सांगा. लपवून घेतलेली गोळी आधी चुकते आणि मग बंदच पडते.

प्रश्न: मी मालाडच्या मालवणीत आरोग्यसेविका आहे. बाळंतिणींकडे जाते तेव्हा काही जणी नुसत्या रडत असतात, सासू म्हणते नाटकं आहेत. आम्ही लस नि वजन बघणाऱ्या, आम्हाला यात काही करता येईल का?

उत्तर: येईल, आणि हे तुमच्यासारख्याच बायकांनी करून दाखवलंय. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत घरोघर जाणाऱ्या लेडी हेल्थ वर्कर्सना ट्रेनिंग दिलं, गरोदरपणीच डिप्रेशन असलेल्या ९०३ जणी त्या स्टडीत होत्या, २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं ते. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या सेविकांनी हाताळलेल्या आयांपैकी २३ टक्क्यांना डिप्रेशन राहिलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्क्यांना. त्यांनी घरच्यांना हे मानसिक आजाराचं काम आहे असं सांगितलंच नाही, बाळ सुदृढ व्हावं म्हणून आईचं बघतोय म्हणाल्या, म्हणून सासवा पण बसून ऐकायला लागल्या. हे मला फार आवडलं. मालवणीत पण चालेल.

पण त्यांना नीट ट्रेनिंग होतं आणि वर विचारायला माणूस होता, तुम्ही ते तुमच्या मेडिकल ऑफिसरकडे मागा, तीन-चार जणी मिळून मागा. तोवर बाळाचं वजन करताना, सासूला पाणी आणायला पाठवून, दोन गोष्टी विचारायच्या. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं होतंय का गं? आणि उदास, हताश वाटतं का, बऱ्याच दिवशी? एकालाही हो आलं तर तिला ओपीडीत घेऊन जा, नुसता कागद हातात देऊ नका, शक्य असेल तर पहिल्या खेपेला रिक्षात तिच्या शेजारी तुम्ही बसा.