भाषांतर झालं म्हणजे काम झालं नाही हां

अगं, शरीराच्या जाणिवांची प्रश्नावली चिनी आजी-आजोबांसाठी चिनीत करतेयस ना, मग आधी एक ठरव, नेमकी कोणासाठी? चिनी बोलणारे आजी-आजोबा म्हटलं की तैवान, हाँगकाँगवाले पारंपरिक लिपी वाचतात, चीनमधले सोपी केलेली, आणि बोलायला कुणी मँडरिन कुणी कँटोनीज, त्यामुळे एकच छापील कागद सगळ्यांना चालेल असं समजू नकोस.

तू २०१८ची माइया-२ (MAIA-2, शरीराच्या आतल्या जाणिवांकडे आपलं किती आणि कसं लक्ष असतं ते मोजणारी प्रश्नावली) घेतेयस ना, ३७ वाक्यं, प्रत्येकाला ० ते ५ मार्क? त्यातलं पहिलंच वाक्य बघ, ताण आला की तो शरीरात कुठे आहे ते मला कळतं. चिनीत यासाठी 'जिनझांग' हा शब्द सहज सुचतो, पण त्याचा अर्थ घाबरणं, टेन्शन येणं असाही होतो, मग आजी खांद्याचं सोडून नातवाच्या परीक्षेचं सांगत बसणार :) आणि 'शिन' म्हणजे हृदयही आणि मनही. हे बॅक ट्रान्सलेशनमध्ये (म्हणजे चिनी भाषांतर परत इंग्रजीत करून ताडून बघण्यात) पकडलं जाईलच असं नाही, इंग्रजीत परत येताना वाक्य अगदी छान दिसतं.

म्हणून आधी आठ-दहा जणांसोबत बस, वाक्य मोठ्यानं वाच आणि "तुम्हाला यातून काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा" एवढंच विचार. मला तर सगळ्यात जास्त यातूनच मिळालं. ची (शरीरात वाहणारी ऊर्जा, अशी चिनी कल्पना), ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) वगैरे ते आपणहून बोलतील, ते लिहून घे, पण लगेच वाक्यात घुसडू नकोस, मोजमापच बदलेल.

उलट मार्क द्यायच्या वाक्यांवर (जिथे 'नेहमी' म्हटलं की कमी मार्क) जास्त वेळ दे, "दुर्लक्ष करतो"ला "कधीच नाही" म्हणताना भलेभले गोंधळतात. बाकी अक्षर मोठं ठेव, मध्ये चहा दे.