थ्रीडी नकाशावर काढलेली रेषा डोंगरात का बुडते? आणि थ्रीडी हा खरंच नुसता देखावा आहे का?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग तांत्रिक आहे, त्याचं उत्तर आधी देते. पण मी लिहायला बसले ते दुसऱ्या भागामुळे. "आमचे सर म्हणतात थ्रीडी हा नुसता देखावा, काम सपाट नकाशावरच करायचं," असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी अगदी याच शब्दांत ऐकलं आहे आणि ते चूक आहे. कसं, ते पुढे सांगते.

रेषा बुडण्याची कारणं वेगवेगळी असतात. रेषा कशी बुडतेय हे नीट पाहिलं तर कारण लगेच ओळखता येतं.

सगळी रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच खोलीवर बुडाली असेल, तर उंची मोजायची पातळी चुकली आहे. तुम्ही बिंदू आरटीके जीपीएसने, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजणाऱ्या जीपीएसने, टिपलेत ना? ते यंत्र मुळात जी उंची देतं ती इलिप्सॉइडपासूनची असते, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची. गूगल अर्थ मात्र फाइलमधली उंची समुद्रसपाटीपासूनची समजतं. या दोन पातळ्यांमधला फरक जागेनुसार बदलतो. जगभरात तो सुमारे उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत जातो आणि सर्वांत मोठा उणे फरक हिंदी महासागरात, भारताच्या दक्षिणेला आहे. फरक उणे असलेल्या, म्हणजे समुद्रसपाटी इलिप्सॉइडच्या खाली असलेल्या, भागात कच्चा आकडा तसाच टाकला की रेषा तेवढे मीटर जमिनीखाली जाते. सीझियम या दुसऱ्या थ्रीडी नकाशा-सॉफ्टवेअरवर बांधलेल्या नकाशांत उंची इलिप्सॉइडपासूनच धरतात. त्यामुळे तीच फाइल तिथे बरोबर दिसते, आणि मग माणसं आपसात भांडत बसतात की कुठलं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय. खोटं कुणीच बोलत नसतं.

रेषा बिंदूंवर जमिनीला टेकलेली आहे पण मधेच डोंगरातून आरपार जाते, असं असेल तर केएमएल फाइलमध्ये (गूगल अर्थ रेषा-बिंदू ज्या फाइलीत ठेवतं तिच्यात) टेसेलेट, म्हणजे रेषा जमिनीच्या चढ-उताराबरोबर वाकवायचा पर्याय, बंद आहे. तो चालू नसेल तर दोन बिंदू सरळ जोडले जातात, मध्ये डोंगर असो की दरी. ॲपमध्ये हाताने काढलेल्या रेषेला तो आपोआप लागतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलीत बऱ्याचदा नसतो.

रेषा एकीकडे बुडते आणि दुसरीकडे तरंगते असं असेल, तर उंचीचा प्रकार 'ॲब्सोल्यूट' आहे, म्हणजे फाइलमधला उंचीचा आकडा जसाच्या तसा धरला जातोय. तुमची मोजणी आणि नकाशामागचा भूरूपाचा डेटा यांचं जुळत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. नुसता मार्ग दाखवायचा असेल तर 'क्लॅम्प टू ग्राउंड' करा, रेषा जमिनीला चिकटते. विजेच्या तारेसारखी जमिनीपासून ठरावीक उंचीवरची वस्तू असेल तर 'रिलेटिव्ह टू ग्राउंड'. केएमएल २००८ पासून ओजीसी या नकाशा-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे, त्यामुळे हे पर्याय फाइलीबरोबर प्रवास करतात आणि बाकीची सॉफ्टवेअरंही ते वाचतात.

आणि लांबून तरंगणारी रेषा जवळ गेल्यावर जागेवर बसत असेल तर काहीच करू नका. लांबून पाहताना ॲप डोंगर ठोकळमानाने काढतं, जवळ गेलं की बारकावे भरतं.

आता थ्रीडीचं.

मी तेव्हा पाणीपुरवठ्याच्या योजना आखणाऱ्या एका ऑफिसात होते. डोंगरउतारावर एक झरा, खाली टाकी, आणि मधून पाइपलाइन. पंप नाही, सगळं उतारावर चालायचं. आमच्या वरिष्ठांनी उपग्रहचित्रावर झऱ्यापासून टाकीपर्यंत मार्ग आखून दिला. मधे एक लांबट गडद पट्टा होता. "ही घळ आहे, पाइप हिच्यातून उतरवायचा, खोदाई कमी लागेल," असं त्यांनी सांगितलं. चित्राकडे पाहिलं तर कुणालाही ती घळच वाटली असती. मलाही वाटली.

ड्रॉइंग पक्कं करण्याआधी मी तो मार्ग गूगल अर्थमध्ये घेतला, शिफ्ट दाबून माउसने दृश्य तिरपं केलं आणि झऱ्याच्या बाजूने टाकीकडे पाहिलं. घळ नव्हतीच. ती डोंगराची सोंड होती. आखलेली रेषा तिच्यावर चढत होती, आणि सोंडेचा माथा झऱ्यापेक्षा वर होता. ॲपमध्येच उंचीचा आलेख काढला. तोही तेच सांगत होता: झऱ्यातून निघाल्यावर थोडा उतार, मग चढ, मग टाकीपर्यंत उतार.

असं का दिसलं हे इथे सांगायलाच हवं, कारण हीच गोष्ट सपाट नकाशावाल्यांना माहीत नसते. पृथ्वीची चित्रं घेणारे बरेचसे उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला वरून जातात. उत्तर गोलार्धात, विशेषतः कर्कवृत्ताच्या वर, त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो. नकाशा उत्तर वर धरून पाहिला की उजेड चित्रात खालून येतो. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येण्याची जन्माची सवय. मग मेंदू सावलीचा अर्थ उलटा लावतो: धार, म्हणजे डोंगराची उंच कड, घळ दिसते आणि घळ धार दिसते. हा डोळ्यांचा दोष नाही आणि अनुभवाने तो पूर्ण जातही नाही. वर्षानुवर्षं चित्रं वाचणारेही फसतात. दृश्य तिरपं केलं की भ्रम तिथल्या तिथे मोडतो, कारण आता सावलीवरून अंदाज करायचा नसतो, क्षितिजावर डोंगराची कडा समोर उभी असते. चित्र फिरवून दक्षिण वर घेतली तरी पुष्कळदा उलगडतं.

मी स्क्रीन दाखवायला गेले. आमचे वरिष्ठ सर म्हणाले, "अगं, हा सिनेमा आहे. क्लायंटला दाखवायला ठेव. आपलं काम प्लॅनवर होतं." मी म्हटलं, सर, एकदा तिरपं करून बघा, पाणी वर चढवावं लागेल. त्यावर ते म्हणाले की मधे थोडा चढ असला तरी सायफनने पाणी येतं.

सायफन म्हणजे भरलेल्या पाइपातून पाणी मधला चढ ओलांडून खाली ओढलं जाणं. त्याबद्दलही बोलते, कारण हा गैरसमज फार आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा जेमतेम १० मीटर उंचीचा स्तंभ पेलतो आणि जितकं उंचावर जाल तितका कमी. लांब पाइपात घर्षण असतं आणि पाण्यात विरघळलेली हवा माथ्यावर सुटून साचते, त्यामुळे पाण्याची धार त्याच्या बरीच आधी तुटते. वर्षभर कुणी लक्ष न देता चालायच्या योजनेत माथा झऱ्याच्या वर ठेवणं म्हणजे योजना बंद पडण्याची सोय करणं.

मी ऐकलं नाही. सर्व्हेला जाणाऱ्या मंडळींना सांगितलं की बाकी काही नंतर करा, पहिली लेव्हल (जागेवर उंची मोजायचं यंत्र) या सोंडेवर लावा. त्यांनी लावली. माथा झऱ्याच्या वरच निघाला. मार्ग सोंडेच्या पायथ्याला वळसा घालून नेला. लांबी वाढली, पण पाणी आपल्या आपण उतरलं.

पुढच्या बैठकीत नव्या मार्गाचं कारण समजावताना पडद्यावर माझंच तिरपं दृश्य होतं. ज्याला सिनेमा म्हटलं होतं तेच. ते कुणी काढलं याचा उल्लेख झाला नाही. आणि नंतर सर मला म्हणाले, "कंटूर पाहिले असते तरी कळलंच असतं." हो, कळलं असतं. पण कंटूरचा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा, लेयर कुणी उघडला होता? चित्रावर रेघ ओढताना ज्याला शंका येत नाही तो कंटूर उघडत नाही, कारण त्याला घळ 'दिसत' असते. तिरपं दृश्य शंका आणतं, आणि ते क्षणात होतं. कंटूर वाचता येणं हे मोठं कौशल्य आहे, मला त्याचा आदर आहे, पण त्या कौशल्याच्या नावाखाली दुसऱ्याचं साधन हिणवायचं कारण नाही.

काम करताना मी पाळते ते सांगते. रेषा कधीही तिरप्या दृश्यात काढू नका. तिरप्या दृश्यात तुम्ही क्लिक करता तेव्हा नजरेच्या रेषेत पहिली जी जमीन येते तिथे बिंदू पडतो. मागच्या उतारावर ठेवायला जाता आणि तो पुढच्या धारेवर बसतो, लक्षातही येत नाही. म्हणून काढायचं बरोब्बर वरून पाहत, तपासायचं तिरपं करून, आणि तेही किमान दोन विरुद्ध बाजूंनी. बिंदू चढ-उतार बदलतो तिथे द्या, सारख्या अंतरावर नाही. पॉलिगॉनलाही, म्हणजे बंद आकृतीलाही, हेच लागू.

लांबी मोजताना आकडा आडव्या अंतराचा आहे की उताराबरोबरच्या, हे आधी पाहा. गूगल अर्थ प्रोमध्ये मोजपट्टी दोन्ही वेगळे दाखवते. २० अंशांच्या उतारावर खरी लांबी आडव्या अंतरापेक्षा साधारण साडेसहा टक्क्यांनी जास्त भरते, ३० अंशांवर साडेपंधरा टक्क्यांनी. पाइप मागवायचा असेल तर उताराचा आकडा धरा. जमिनीचं क्षेत्रफळ मात्र मोजणीत आडवंच धरतात, तिथे उताराचं क्षेत्रफळ काढून कुणाशी वाद घालू नका.

उंचीचा आलेख बघताना उभ्या-आडव्या प्रमाणाकडे लक्ष द्या. खिडकीत मावावा म्हणून तो उभा ताणलेला असतो, त्यामुळे साधा चढ कड्यासारखा दिसतो. उताराचे टक्के वाचा, आकारावर जाऊ नका.

हे आधी म्हणायला हवं होतं, पण आता म्हणते: ॲपमधल्या या उंचीच्या आकड्यांवर डिझाइन करायचं नाही. जगाच्या मोठ्या भागाची खुली उंची-माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने मोजली. ती ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्याच पट्ट्याची आहे, उंचीचा एक आकडा साधारण ३० मीटरच्या चौकटीमागे, आणि मोहिमेचं उद्दिष्टच ९० टक्के ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत राहावी एवढं होतं. दाट झाडी असेल तिथे रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, शेंड्यांच्या आसपासची उंची देतं. काही भागांत ॲप याहून चांगला डेटा वापरतात, पण तुमच्या जागेखाली कुठला आहे हे स्क्रीन सांगत नाही. शेजारशेजारच्या दोन बिंदूंमधला फरक एकेकट्या उंचीपेक्षा बराच भरवशाचा असतो, म्हणून चढ कुठे आणि उतार कुठे हे कळतं. किती मीटर, हे लेव्हल लावूनच. भूरूपावर पांघरलेलं उपग्रहचित्रही तीव्र उतारावर काही मीटर सरकलेलं असू शकतं.

म्हणजे तुमचे सर एका अर्थी सावध आहेत, ते मला मान्य आहे. पण सावधपणा असेल तर तो सपाट चित्राबाबतही दाखवावा. ते चित्रही त्याच आकाशातून आलंय.

तुम्ही ऑफिसात नवीन असाल तर अजून एक: असं काही सापडलं की दृश्य नाव-तारखेसह जतन करा, केएमएलच्या वर्णनात दोन ओळी लिहा आणि ईमेलने पाठवा. तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाचंही होतं.

आणि सरांना पटवायचंच असेल तर वाद घालू नका. उत्तर गोलार्धातला त्यांना अनोळखी असा उंच धारांचा भाग निवडा, उत्तर वर ठेवा, कंटूर बंद ठेवा आणि त्यांना विचारा, यातली धार कुठली आणि घळ कुठली. त्यांनी बोट ठेवलं की दृश्य तिरपं करा. प्रोमध्ये उंची फुगवायची सोय तिपटीपर्यंत आहे, ती आधी १ वर आणून ठेवा, नाहीतर ते पुन्हा देखावाच म्हणतील.